मोबाईल संडासापेक्षा घाण? असेल बाप्पा, पण आधी पोरीचा स्कार्फ बघा

ताईंचा प्रश्न लांबलचक आहे, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आपल्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी व्हिडिओ पाहिला, त्यात मोबाईल, पर्स, चाव्या, नोटा सगळ्यांवर संडासाच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात असं दाखवलं. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी घरातल्या चौघांचे मोबाईल न् पर्सा सॅनिटायझरने पुसून राहिल्या, कपड्याच्या बादलीत अँटिसेप्टिकचं झाकणभर टाकून राहिल्या, आणि आता साडेतीन हजाराचा यूव्हीचा डबाही (अल्ट्राव्हायलेट दिव्याने जंतू मारायचा) मागवला. तरी पोरीच्या कपाळावर आणि हनुवटीखाली फोड येणं थांबत नाही (१७ वर्षांची आहे, क्लासला स्कूटीने जाते), आणि मिस्टरांना कमरेला खाज सुटली ती तीन महिने झाले जात नाही. तर नेमकी कोणती वस्तू पुसायची राहून गेली आणि कशाने पुसायची, असं त्यांनी विचारलंय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये २६ वर्षं टेक्निशियन म्हणून काढली. पू, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब, काय येईल ते प्लेटवर लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय उगवलं ते बघायचं, हा माझा धंदा. त्यामुळे जंतूंची भीती मला जरा कमीच आहे, पण कुठे घाबरायचं ते बरोबर माहीत आहे.

पहिली गोष्ट, तो व्हिडिओ काही खोटा नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना युनिव्हर्सिटीचे चार्ल्स गर्बा म्हणून जंतूंचे अभ्यासक आहेत, मोबाईलवर संडासाच्या सीटच्या दहापट जंतू असतात हे त्यांचंच वाक्य जगभर फिरतं. २०११ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीनवाल्यांनी ब्रिटनच्या १२ शहरांतले मोबाईल आणि हात तपासले होते, ९२ टक्के मोबाईलवर जंतू मिळाले आणि १६ टक्क्यांवर ई. कोलाय, म्हणजे सरळ बोलायचं तर विष्ठेतला जंतू. हे खरंच आहे. पण संडासाची सीट ही काय तुलनेला घ्यायची वस्तू आहे का हो? ती गुळगुळीत, कडक, कोरडी, वरून आपण तिला घासून घासून धुतो, तिच्यावर जंतू राहतील कुठे. तुमचा ओटा पुसायचं ओलं फडकं काढा आणि त्याच्याशी तुलना करा, मग मोबाईल बिचारा देवघरात ठेवावा असा वाटेल.

दरवर्षी डीएमएलटीचे (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचे) नवीन पोट्टे आमच्या लॅबला आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक खेळ करायला लावायची. आपापल्या खिशातली, बॅगेतली एकेक वस्तू काढा, सलाईनमध्ये भिजवलेला स्वॅब तिच्यावर फिरवा, ब्लड अगारच्या (जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या जेलीच्या) प्लेटवर ओढा, ३७ डिग्रीला रात्रभर ठेवा. सगळे मोबाईलच काढायचे, कारण व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेला. सकाळी प्लेटा उघडल्या की मोबाईलच्या प्लेटवर पांढरे पांढरे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, एखादा पिवळा, आणि मधेच एखादा धुळीतला सुरकुतलेला पसरट. पोट्टे किंचाळायचे. मी म्हणायची, हे पांढरे म्हणजे तुमच्याच चामडीवरचे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, जन्मापासून तुमच्यासोबत आहेत, तुमच्या गालावरून मोबाईलवर गेले, मोबाईलवरून गालावर आले, घरचीच येजा. मोजायला शंभर, घाबरायला एकही नाही.

मग मी एखाद्या पोरीची पाण्याची बाटली घ्यायची. वरून चकचकीत स्टीलची. झाकणातली रबराची रिंग सेफ्टी पिनने उचकून काढायची आणि त्या खाचेत स्वॅब फिरवायचा. ती प्लेट दुसऱ्या दिवशी नुसती हिरवट, ठिपके वेगळे दिसतच नाहीत, एकच चादर पसरलेली, आणि झाकण उघडलं की पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. (प्लेट नाकाला लावून हुंगायची नसते हे मी पोट्ट्यांना शिकवायची, आणि लॅबमधले सगळे जुने लोक ती दुरूनच ओळखतात हेही तितकंच खरं.) तो स्यूडोमोनास, ओलीत वाढणारा जंतू. बाटलीची मालकीण त्या दिवशी नळाखाली ओंजळीने पाणी प्यायची.

बाटलीच कशी काय भरली आणि मोबाईल कसा काय सुटला, तर ओलीमुळे. जंतूला वाढायला पाणी लागतं, नुसतं बसायला नाही लागत. मोबाईलच्या कोरड्या काचेवर तो बसून राहतो, काही काही तर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, पण वाढत नाहीत. ओल आणि थोडं खायला मिळालं की ई. कोलायसारखा जंतू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे सकाळी ८ ला एक होता तर दुपारी ४ ला १ कोटी ६७ लाख, गणित करून बघा. बाटलीत इतक्या वेगाने होत नाही, पण त्यात पन्हं, ग्लुकोज, ताक काही भरलं असेल तर मग काही विचारू नका.

म्हणून ताई, वस्तूवर जंतू किती हे विचारूच नका. ती ओली राहते का, ती किती जण वापरतात, आणि ती शरीराला कुठे लागते, नुसत्या तळहाताला की डोळ्याला, नाकातोंडाला, घासलेल्या घामट चामडीला, एवढंच विचारा. तुमच्या चाव्या तिन्हीत नापास, म्हणजे त्यांची काळजी नको. पर्स जवळजवळ नापास, फक्त ती बसमध्ये खाली ठेवून घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर ठेवायची नाही, संपला विषय. आता ज्या वस्तू पास होतात त्यांचं बोलू.

तुमच्या पोरीचं आधी. एप्रिल-मे मध्ये आपल्या सीताबर्डीला उभं राहून बघा, स्कूटीवरची एक पोरगी ओळखू येत नाही, डोळे सोडून सगळं बांधलेलं, सनकोट, हातमोजे, वरून हेल्मेट. नवतपात (कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत) तर ते पाहिजेच, नाही तर ऊन लागेल. पण तो स्कार्फ क्लासला पोचल्यावर जातो कुठे? घामाने आणि श्वासाने ओला झालेला, त्याचा बोळा करून हेल्मेटमध्ये कोंबायचा, हेल्मेट डिक्कीत, डिक्की बंद, स्कूटी उन्हात. चार तासांनी तोच बोळा काढून परत तोंडावर, आधी नाकाला लागलेला भाग आता कपाळाला. माणसांमध्ये साधारण दहातल्या तिघांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस राहतो, त्यांना काही त्रास नसतो, पण हाच तो जंतू ज्याने केसतोडा होतो, पुवाचे फोड होतात. आमच्या त्या खेळात स्कार्फच्या प्लेटवर सोनेरी ठिपके आणि भोवती रक्त विरघळून झालेलं स्वच्छ कडं, असं मी किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब नाही.

आता कपाळावर हेल्मेटची पट्टी घासते आणि हनुवटीखाली त्याचा बेल्ट घासतो, तुम्ही फोडांची जी जागा सांगितली ती नेमकी हीच आहे. दाब, घासणं, घाम आणि वरून बंद, यानेही पुरळ उठतं, त्यात बाहेरून जंतू यायची गरजच नसते, मुरुमांचा जंतू तर आपल्या सगळ्यांच्याच चामडीच्या छिद्रांत असतो. म्हणजे मोबाईल रोज पुसूनही फोड का थांबले नाहीत, तर मोबाईल त्या जागी लागतच नाही. फोड नेमके कशाचे हे चामडीचे डॉक्टर बघून सांगतील, पुवाचे असतील तर दाखवाच. तोवर असं करा: सुती स्कार्फ तीन-चार घ्या, रोज एक, घरी आली की बादलीत. साधी कपड्याची पावडर, दोनदा खळबळून पाणी काढायचं आणि दोरीवर उन्हात. अँटिसेप्टिक टाकायची गरज नाही. झाकणभर औषध बादलीभर पाण्यात टाकलं की ते इतकं पातळ होतं की वासाशिवाय फार काही उरत नाही, आणि वासाने जंतू मरत नसतात. शिवाय त्यातलं जे नेहमीचं औषध असतं, क्लोरोझायलेनॉल, ते त्या हिरव्या स्यूडोमोनासवर तसंही कमीच चालतं.

हेल्मेटचं आतलं अस्तर बऱ्याचदा बटणाने निघतं, लोकांना माहीतच नसतं, ओढून बघा. ते आठवड्याला शाम्पूने धुवायचं, केसांचंच तेल न् घाम त्यात असतो तर केसांचाच साबण बरा. निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून उलटं करून पंख्याखाली. हेल्मेट डिक्कीत बंद करून ठेवू नका, आणि मैत्रिणीचं हेल्मेट घालायचंच असेल तर आत स्वतःचा रुमाल. उवांची भीती असते बायांना, ती जरा कमी करा, ऊ डोक्यावरून उतरली की एक-दोन दिवसांत मरते, ती मुख्यतः डोक्याला डोकं लागून जाते.

आता मिस्टरांची कमर. हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटून राहिलं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे गजकर्णाने (कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद) जो धुमाकूळ घातलाय तो चामडीच्या डॉक्टरांना विचारा. आधी एक ट्यूब लावली की जायचं, आता महिनोन् महिने जात नाही. त्यातली एक बुरशी तर इतकी आपली आहे की २०२० मध्ये तिला नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी असं दिलं, टर्बिनाफिन नावाचं जे नेहमीचं औषध आहे त्याला ती बऱ्याचदा दाद देत नाही. आणि यात मोठा हात त्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांचा, मेडिकल स्टोअरमध्ये खाज सांगितली की चिठ्ठीशिवाय मिळतात, दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश, आणि खाली बुरशी मजेत पसरते. तुमच्या घरातही अशी ट्यूब मला वाटतं असेलच. तिच्यावरचं नाव बघा, क्लोबेटासॉल, बेटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर ती घेऊन डॉक्टरकडे जा, बंद कशी करायची ते तेच सांगतील.

पण आपला विषय वस्तूंचा. या बुरशीचे बारीक कण गळलेल्या चामडीसोबत कपड्यात राहतात, कोमट पाण्याने भरवशाने जात नाहीत. म्हणून औषध चालू असताना त्या माणसाचे आतले कपडे, टॉवेल, चादर वेगळी धुवायची, ६० डिग्रीचं पाणी पाहिजे, मशीनला तशी सोय असेल तर ठीक, नाही तर बादलीत हात घालवणार नाही इतकं गरम पाणी आणि त्यात अर्धा तास भिजवणं. वाळले की उलटे करून इलॅस्टिकवरून कडक इस्त्री. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि हे मी चार खुंट्या लावण्याबद्दल म्हणत नाहीये, घाईत कोण कोणाचा ओढतो ते तुम्हाला माहीत आहे. चार रंगांचे चार घ्या. कोणाकोणाला आणखी खाज आहे ते विचारा, पोरं लाजतात सांगत नाहीत, आणि एकाच वेळी सगळ्यांचा इलाज नाही झाला तर हे घरातल्या घरात फिरतच राहतं.

आणि करदोडा. कमरेचा काळा दोरा. वर्षानुवर्षं तोच, आंघोळीत भिजतो, दिवसभर घामात असतो, कधीच वाळत नाही, नेमका खाजेच्या जागेवर. चामडीचे डॉक्टर पहिली गोष्ट तोच काढायला लावतात. सासूबाई रागावतील तर त्यांना सांगा नवीन बांधू, पण इलाज संपल्यावर. हातातले गंडे, यात्रेचे लाल दोरे, झिजून गेलेली पण काढायची राहिलेली राखी, यांचंही तेच. दवाखान्यात काम करणाऱ्यांना कोपराखाली काही घालू नका सांगतात ते याच्याचसाठी, अंगठीखालच्या चामडीवर बाकी बोटापेक्षा जास्त जंतू मिळतात. रात्री अंगठी, घड्याळ काढून ठेवायची सवय लावा, घड्याळाचा रबरी पट्टा साबणाने धुवून पुसून कोरडा करायचा. त्याच्याखाली लाल होतं ते पुष्कळदा जंतू नसून घामाने कुजलेली चामडी असते.

डोळ्याला लागणाऱ्या वस्तूंबद्दल मात्र मी खरंच कडक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, आठवत असेल, घरटी एक तरी काळा चश्मा होता. डोळे येण्याचे बरेचसे व्हायरस ॲडिनो जातीचे असतात आणि तो भल्ताच चिवट, कोरड्या वस्तूवर आठवडे टिकू शकतो आणि सॅनिटायझरला नीट जुमानत नाही. टॉवेल, उशीची खोळ, काजळ. लग्नात एकच काजळाची कांडी आठ करवल्यांना फिरते ना, ती. डोळे येऊन गेले की काजळ, मस्कारा फेकून द्यायचा, तोंड वाकडं करायचं नाही. एरवीही मस्कारा तीन महिन्यांवर ठेवू नये, ओला, अंधारी नळी, रोज डोळ्याला लावून परत आत.

कॉन्टॅक्ट लेन्सची डबी त्याच्याही वर. तुमची पोरगी लेन्स लावते की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी लावत असेल. ती डबी नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही. फिल्टरच्याही नाही. पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो, प्यायलं तर काही होत नाही, पण लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, त्याचा इलाज महिनोन् महिने चालतो आणि नजर जाऊ शकते. माझ्याकडे एकदा एका कॉलेजच्या पोराच्या बुबुळाचं खरवडलेलं सॅम्पल आलं होतं, सोबत त्याची डबीही पाठवली होती. डबीच्या तळाला बोट फिरवलं तर साबण लागल्यासारखं बुळबुळीत. बुबुळ आणि डबी, दोन्हीत तोच हिरवा स्यूडोमोनास. तो म्हणे जुन्या सोल्यूशनमध्येच नवीन थोडं ओतायचा, बाटली महाग येते म्हणून. असं नका करू. रोज जुनं ओतून टाकायचं, ताज्या सोल्यूशनने डबी खळबळायची, स्वच्छ टिश्यूवर उलटी ठेवून वाळवायची, तीन महिन्यांनी नवीन. आंघोळ करताना लेन्स काढा, अंबाझरी-फुटाळ्याच्या तलावावर पाण्यात खेळायला नाही तर स्विमिंगला जातानाही.

बरं, आता मोबाईल. पुसू नका असं मी म्हटलेलं नाही. दोन ठिकाणी तो खरंच घाण होतो, एक संडासात आणि दुसरं रविवारी चिकन धुताना एका हाताने फोन उचलला की. या दोन्ही वेळी हात तुम्ही नंतर धुता, मोबाईल धुवत नाही, आणि मग धुतलेल्या हातात परत तोच. ब्रिटनचा तो १६ टक्क्यांचा आकडा बहुधा अशाच ठिकाणांहून येतो, हातांवरही त्यांना १६ टक्केच मिळालं होतं. म्हणून संडासात फोन न्यायचा नाही, पोरं ऐकणार नाहीत पण सांगून बघा. बाकी लोकांनी आठवड्यातून दोन-तीनदा पुसला तरी पुरे, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी रोज, आम्ही तर लॅबच्या टेबलावर मोबाईल ठेवूच देत नव्हतो, तिथला जंतू घरी न्यायचा नाही म्हणून.

पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं. ९९ टक्के मागू नका, जास्त म्हणजे चांगलं असं नाही, अल्कोहोलला जंतूचं प्रोटीन मोडायला थोडं पाणी लागतं, नुसतं कडक अल्कोहोल उडूनही लवकर जातं. फोन बंद करा, चश्म्याच्या फडक्यावर थोडं घ्या, फोनवर थेट फवारू नका, पुसल्यावर अर्धा मिनिट ओलसर राहू द्या. ॲपलने सुद्धा २०२० च्या मार्चमध्ये ७० टक्क्यांच्या वाइपला परवानगी दिली, त्याआधी ते नाहीच म्हणायचे. तुम्ही हाताचं जेलवालं सॅनिटायझर वापरून राहिल्या असाल तर थांबवा, त्यातलं ग्लिसरीन काचेवर चिकट थर सोडतं आणि त्याला धूळ बसते. रबराचं कव्हर मात्र काढून साबणाने धुवा, कडेच्या खाचेत बघाल तर काळी रेघ असेल, ती फोनपेक्षा घाण. इअरफोनच्या रबरी टोप्याही तशाच, पण कानात घालायच्या आधी कोरड्या.

नोटांचं तुम्ही विचारलंय. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने टपऱ्या-दुकानांतल्या १०, २०, १०० च्या नोटा तपासल्या होत्या, त्यात ७८ प्रकारच्या रोगजंतूंचे अंश मिळाले, पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं. पण ती तपासणी डीएनएची होती, आणि डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. रस्त्यावर पायाचे ठसे दिसले म्हणजे माणूस अजून तिथे उभा आहे असं होत नाही. तरी नोट मोजताना जिभेला बोट लावायचं नाही. आणि आपल्या नागपुरात याच्यापेक्षा भारी प्रकार आहे, खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. टपरीवर पन्नीत घोटायचा, पन्नी खिशात नोटांसोबत, त्याच बोटांनी पैसे दिले, फोन उचलला, गाडीचा हॅंडल धरला, त्याच बोटांनी पन्नी उघडून चिमूट गालात. जंतूंचं जाऊ द्या, तोंडाच्या कॅन्सरपुढे ते काहीच नाहीत. मिस्टर खात असतील तर मोबाईल पुसण्यात वेळ घालवू नका, आधी ते बघा.

कापडी पिशवीचं एक सांगते, कारण ती कोणी धुवत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत ऑरेगॉनच्या मुलींची फुटबॉल टीम मॅचला गेली होती, एक मुलगी रात्री उलट्या-जुलाबाने आजारी पडली, आणि बाथरूममध्ये बिस्किटं-चिप्स भरलेली, परत परत वापरायची एक पिशवी ठेवलेली होती. तिने त्या पिशवीला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्यातलं खाल्लं आणि त्याही पडल्या, नोरोव्हायरस निघाला. हाही सॅनिटायझरला जुमानत नाही, साबणाने हात धुणं आणि ब्लीचचं पाणी हेच चालतं. तर भाजीची पिशवी, मटणाची पिशवी, आणि डब्याची पिशवी, तीन वेगळ्या, आणि कपड्यांसोबत धुवायला टाका.

टूथब्रश बंद टोपीत ठेवू नका, उभा मोकळा वाळू द्या, तीन-चार महिन्यांनी बदला. रेझर कोणाला द्यायचं नाही. बाटलीचं तर सांगितलंच, रोज भांड्याचा साबण आणि ब्रश, रिंग काढून, रात्री उलटी उघडी.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल की बाई मोबाईलची भीती घालवून दुसऱ्या दहा वस्तूंची लावून गेली. तर मी २०२० चं सांगते. आम्ही लॅबवाले, सगळं माहीत असलेले, तरी मी दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायची, भाजी सोड्यात बुडवायची, नवऱ्याला दारात कपडे काढायला लावायची. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की दूषित वस्तूला एकदा हात लागून कोरोना व्हायची शक्यता दहा हजारात एकापेक्षाही कमी. कोथिंबिरीचा मात्र त्या वर्षभरात मी सत्यानाश केला. जंतू वस्तूवर आहे आणि जंतू मला आजारी पाडतो, या दोन गोष्टींच्या मधे बरंच काही लागतं, पुरेशी संख्या, जिवंत असणं, बरोबर जागा मिळणं. मधला हात तेवढा धुतला तरी साखळी बहुतेक वेळा तिथेच तुटते.

यूव्हीचा डबा परत जात असेल तर पाठवून द्या. खरा यूव्ही-सी दिवा, २५४ नॅनोमीटरचा, जंतू मारतो यात वाद नाही, पण जिथे उजेड थेट पडतो तिथेच. घडी, खाच, रिंगखालची जागा, मळाखालचा थर, इथे सावली असते आणि सावलीत काही होत नाही, म्हणजे जिथे जंतू खरे लपलेत तिथे तो पोचतच नाही. स्वस्त डब्यांत तर नुसता निळा-जांभळा दिवा असतो, तो बघायला छान. परत जात नसेल तर त्यात चाव्या ठेवा, फक्त झाकण उघडं ठेवून चालू करू नका, डोळ्याला आणि चामडीला तो वाईट. आणि आपल्याकडे मे मध्ये ४५ डिग्रीचं ऊन फुकट पडून राहिलं आहे, दोरीवर स्कार्फ पसरून टाका, दोन तासांत पापडासारखा वाळतो.

पोरीच्या फोडांवर ती मिस्टरांची ट्यूब लावून बघायची नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी पण सांगते. तिला आणि मिस्टरांना एकाच दिवशी दाखवा, दोन फेऱ्या कशाला. आणि आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या बाटल्यांची रिंग सेफ्टी पिनने काढून बघा, खाली काय निघालं ते लिहा, बिचकू नका, माझ्या स्वतःच्या बाटलीतही एकदा निघालं होतं.